लाल दिव्यावरची पट्टी

भाऊ वाईट निघाला तर माणूस नशिबाला बोल लावतो, मित्र वाईट निघाला तर स्वतःला. साडू चांगला निघाला तर बोल कोणाला लावायचा, हे थोरल्यांना उभ्या जन्मात कळलं नाही.

थोरले म्हणजे मास्तरांचे थोरले जावई. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दोन मुली, पायाने चालवायचं शिलाई मशीन, गिऱ्हाइकांसाठी एक उभा आरसा आणि समोरच्या दोन दातांमधली फट, एवढा त्यांचा संसार. थोरले रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते. काचेच्या अलीकडे बसायचं, पलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत बटण दाबायचं आणि त्याने तोंड मिटल्यावर बंद करायचं. एकतीस वर्षं हेच केलं, एकदाही टेक हुकला नाही. सासुरवाडीला पहिली पाच वर्षं तेच एकटे 'कलेतले' होते. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची. कोणी आलं की मास्तर सांगत, हे आमचे जावई, रेडिओवर असतात. येणाऱ्याला वाटे, गात असतील. थोरले तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत.

मग धाकट्या मेहुणीने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि धाकटा घरात आला.

धाकटा शाळेत गाणं शिकवायचा आणि अकॉर्डियन वाजवायचा. पहिल्या दिवशी आला तो चपला काढून सरळ मशीनशेजारी फरशीवर बसला. खुर्चीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मास्तर नेहमीसारखे पाय हलवत शीळ घालत होते. त्यांच्या शिळेत एक गंमत होती. ओठांतून एक सूर निघायचा आणि दातांच्या फटीतून त्याच्याखाली दुसरा बारीक सूर, दाराखालून प्रकाश यावा तसा. धाकट्याने थोडा वेळ ऐकलं, अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला आणि त्या दोन सुरांना तिसरा लावून दिला. मास्तरांनी मशीन थांबवलं. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी न थांबणारे मास्तर थांबले, आणि उठून त्याच्यासमोर फरशीवर बसले. सासूबाई आल्या, मुली आल्या. त्या दिवसापासून खुर्ची थोरल्यांकडेच राहिली. माणसं तेवढी खाली गेली.

धाकट्याला कुणी काम दिलं नाही म्हणून तो फिल्म करायला लागला, असं थोरले लोकांना सांगत. खरं म्हणजे त्याने कुणाकडे काम मागितलंच नव्हतं. थोरल्यांना हेच खुपायचं. त्यांचा जन्म अर्ज करण्यात गेला होता. नवा माइक हवा तर अर्ज, खुर्चीचं चाक तुटलं तर अर्ज. आणि हा गडी मित्राचा कॅमेरा उचलून रविवारी एका मोठ्या ऑफिसातल्या लिफ्टवाल्याकडे गेला आणि 'मला तुमच्याबरोबर वरखाली करायचंय' म्हणाला. सात रविवार वरखाली केलं. नऊ मजल्यांना नऊ सूर लावले, लिफ्ट चढली की अकॉर्डियन चढायचं. झाली फिल्म. स्वयंपाकघरातला फ्रिज झोपायच्या खोलीत गेला आणि फ्रिजच्या जागी याचं फिल्म जोडायचं टेबल आलं. बायकोने हूं की चूं केलं नाही. थोरल्यांनी एकदा घरात मोठा स्पीकर आणला होता, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या.

चोवीस वर्षांत धाकट्याने अशा अकरा फिल्म केल्या. इस्त्रीवालीवर केली, रस्ता ओलांडून देणाऱ्या म्हाताऱ्या शिपायावर केली, आगगाडीच्या घोषणा करणाऱ्या बाईवर केली. शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर लावायचा आणि आपण पडद्याशेजारी स्टुलावर बसून अकॉर्डियन वाजवायचं. तीस माणसं यायची, कधी चाळीस. जाताना प्रत्येक जण त्याचा हात हातात घेऊन जायचा. एकदा कुठल्याशा लांबच्या ठिकाणचं बक्षीस मिळालं, पितळेचा जड ठोकळा. थोरले मुद्दाम बघायला गेले. ठोकळा बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेला. लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात त्याला याने दाराला टेकू दिलाय, हे पाहून थोरल्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

पहिल्या दोन फिल्मचा आवाज भयंकर होता. डब्यात खडे घालून हलवावेत तसा. थोरल्यांनी ही गोष्ट आनंदाने बायकोला सांगितली. बायकोने बहिणीला सांगितली, बहिणीने नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी धाकटा दारात उभा.

"दादा, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मला ते ऐकूच येत नाही. तुम्ही या ना माझ्याबरोबर."

मारायला फेकलेला दगड हार होऊन गळ्यात पडला. नाही म्हणावं तर जळतात म्हणून सिद्ध होणार. थोरले गेले. तिसऱ्या फिल्मपासून प्रत्येक रविवारी लांब दांडीला माइक लावून ते धाकट्याच्या मागे उभे राहू लागले. मनात एकच होतं: कधीतरी, एकदा तरी, फिल्म संपल्यावर कुणीतरी त्यांच्याकडे येईल आणि म्हणेल, आवाज छान होता. कुणी आलं नाही. आवाजाचं असंच असतं. वाईट असला की सगळ्यांना कळतो, चांगला असला की कुणालाच नाही. धाकटा त्यांचं नाव शेवटी न चुकता दाखवायचा, स्वतःच्या नावाखाली लगेच. तोवर लोक खुर्च्या सरकवत उठलेले असत.

मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले आणि दातांच्या डॉक्टरने निकाल दिला की सगळेच हलताहेत, सगळेच काढू. सोमवारी सकाळी नऊची वेळ ठरली. फट गेली म्हणजे शीळ गेली. मास्तरांना त्याचं फारसं काही नव्हतं, पण धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. गेली दोन वर्षं तो मास्तरांवर फिल्म करत होता. मशीन झालं, कात्री झाली, आरशासमोर टाचण्या तोंडात धरलेले मास्तर झाले. शीळ मात्र शेवटी निवांत घेऊ म्हणून मागे ठेवली होती. आता हातात एक रविवार उरला.

रविवारी दुपारी सगळे मास्तरांच्या खोलीत जमले. धाकटा, कॅमेरा धरायला त्याचा शाळेतला चित्रकला शिक्षक आणि थोरले. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक केव्हाच मेलेला होता, सगळा भरवसा थोरल्यांच्या रेकॉर्डरवर. रेकॉर्डरला बटण एक. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असताना लाल दिवा लागतो.

"दादा, तो लाल दिवा आरशात दिसतोय," धाकटा म्हणाला.

थोरल्यांनी काळी चिकटपट्टी फाडून दिव्यावर लावली. हेडफोनने कानावर चष्म्याच्या काड्या रुततात म्हणून चष्मा कपाळावर सरकवला; रेकॉर्डरवरचे आकडे धूसर झाले. आवाज बरोबर येतोय का बघायला बटण दाबलं. एवढ्यात मास्तरांचा फोन वाजला, कुणी जुनं गिऱ्हाईक होतं. मास्तरांच्या छातीवर माइक टाचलेला, त्यामुळे थोरल्यांना शब्दन् शब्द कानात बसल्यासारखा ऐकू आला.

"अरे, उद्या कसला येतोस, उद्या दात काढायचेत. आज? आज माझ्यावर फिल्म चाललीय. जावई करतोय. नाही नाही, तो रेडिओवाला नव्हे. दुसरा. कलावंत."

थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकोणतीस वर्षं या घरात जावई म्हणून काढली आणि 'तो रेडिओवाला नव्हे' एवढीच ओळख उरली. हात दांडीवर, नजर भिंतीवर आणि मन त्या एका शब्दावर. तपासणीपुरतं चालू केलेलं बटण बंद करायचं राहून गेलं.

धाकटा म्हणाला, शांतता. थोरल्यांनी बटण दाबलं. मास्तरांनी शीळ घातली. कट झाल्यावर थोरल्यांनी पुन्हा दाबलं. असे चार टेक झाले. मास्तर कॅमेऱ्यापुढे जरा ताठ होते, पण शेवटचा टेक चांगला झाला. तिसऱ्या टेकनंतर शेजारच्या पाण्याच्या पंपाची घरघर सुरू झाली म्हणून थोरले हेडफोन खुर्चीवर ठेवून स्वतः खाली गेले, पंप बंद करवून आले. निघताना धाकट्याने विचारलं, दादा, आलंय ना सगळं? थोरले म्हणाले, माझ्याकडून कधी राहिलंय का?

घरी येऊन सहा वाजता त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि रेकॉर्डर लावला. पहिल्या तुकड्यात खुर्च्यांचा आवाज, मास्तरांचा फोन, मग धाकट्याचं 'शांतता' आणि तिथेच संपलं. दुसरा तुकडा सुरू झाला 'कट'नंतर, संपला 'शांतता'वर. तिसरा तसाच. बटण उलटं पडत गेलं होतं. टेक चालू असताना रेकॉर्डर बंद, टेक संपला की चालू. त्यांच्या धंद्यात ही चूक सगळ्यांना माहीत असते आणि ती फक्त नवशिक्याकडून होते. केंद्रात एका नव्या मुलीकडून झाली होती, तेव्हा थोरले आठवडाभर हसत होते.

घड्याळात सव्वासहा. दात उद्या सकाळी नऊला. मधे जवळजवळ पंधरा तास. एक फोन करायचा, माइक घेऊन परत जायचं, मास्तरांनी दोन मिनिटं शीळ घालायची. एवढंच होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. धाकटा.

"अहो, फोन," बायको म्हणाली.

"हात ओले आहेत," थोरले म्हणाले.

हात कोरडे ठणठणीत होते. बायकोने फोन घेऊन तेच सांगितलं, हात ओले आहेत त्यांचे. धाकटा म्हणाला, बरं, उद्या बोलतो. एकतीस वर्षांची अब्रू कशी घालवायची, असं थोरले स्वतःला सांगत बसले. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते हळूच म्हणत होतं, नाही झाली याची एखादी फिल्म तर काय बिघडलं? त्याच्याकडे थोरल्यांनी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे ते नव्हतं, असं नाही.

सोमवारी नऊ वाजले. साडेनऊ वाजले. दहाला थोरल्यांनी हेडफोन चढवून उरलेले तुकडे ऐकले. चौथ्या तुकड्यात पंप घरघरतो, थोरल्यांची पावलं जिन्यावरून खाली जातात. मग मास्तरांचा आवाज येतो.

"काय रे, या थोरल्याला तू डोळ्यांपुढे नको असतोस, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे हो," धाकटा म्हणतो. "सगळ्यांना माहीत आहे. त्यांना आपलं वाटतं, कुणाला कळलं नाही."

दोघं हसतात. कुचकट नाही, घरातल्या माणसाच्या खोडीला हसावं तसं. मग पंप थांबतो, कपबशीचा आवाज होतो, आणि मास्तर कुणी सांगितलं नसताना आपल्याच तंद्रीत शीळ घालायला लागतात. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ओठांचा सूर वर, फटीतला खाली. चारही टेकमध्ये लागली नव्हती अशी. थोरले परत येईपर्यंत ती चालली आहे. दाराचा आवाज होतो आणि शीळ थांबते.

थोरल्यांनी ते तीनदा ऐकलं. आपण खोलीत नव्हतो म्हणून ही शीळ निघाली, हे त्यांना समजलं. चोवीस वर्षं पोटात दडवलेली गोष्ट साऱ्या घराला ठाऊक होती, हेही समजलं. तेवढं बोलणं कापून टाकणं एका बोटाचं काम होतं. पण केंद्रात त्यांनी कधी कुणाच्या ध्वनिमुद्रणाला कात्री लावली नव्हती, ते काम दुसऱ्या खोलीतल्यांचं. त्यांनी रेकॉर्डरमधलं कार्ड जसंच्या तसं धाकट्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चूक झाली. उलटं पडलं बटण." कधी कळलं ते सांगितलं नाही.

धाकटा कार्ड घेऊन टेबलाशी बसला. घरी आल्यावर थोरल्यांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता मान वर न करता विचारलं, "मुद्दाम तर नाही ना केलंत?"

"काहीतरीच काय," थोरले म्हणाले. बटणापुरतं ते खरं होतं.

चार दिवसांनी धाकटा आला. डोळे तारवटलेले, पण चेहरा उजळलेला. त्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाला, "दादा, यातच फिल्म आहे." टेक मुके दाखवायचे. मास्तर शीळ घालताहेत, गाल हलताहेत, पाय हलताहेत, आवाज काही नाही. मग पडदा काळा करायचा आणि मधल्या वेळातली खोली ऐकवायची, आणि अगदी शेवटी ती शीळ. अकॉर्डियनचा एकही सूर घालायचा नाही. "आणि चुकीचं कुणाला कळायचं काही कारण नाही. तुमचा टेक हुकला हे आपल्या दोघांतच राहील."

उपकार झाला. थोरल्यांना तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागला.

ती बारावी फिल्म गाजली. गाजली म्हणजे धाकट्याच्या मानाने. नऊ गावांत दाखवली, दोन ठिकाणी माणसं उभी राहून बघत होती. जो तो म्हणे, काय धाडस, काय कल्पना, दिसतं तेव्हा ऐकू येत नाही आणि ऐकू येतं तेव्हा दिसत नाही. थोरले ऐकत आणि आतल्या आत करपत. आयुष्यात एकच गोष्ट त्यांच्या हातून अशी झाली होती की जी लोकांनी डोक्यावर घेतली, आणि ती साडूच्या खात्यात जमा झाली. अगदी चूकसुद्धा आपली राहू नये? बायको म्हणाली, आता चुकीवरूनही जळता का?

शेवटी फिल्म धाकट्याच्या शाळेच्या हॉलमध्ये लागली. नवी कवळी लावून मास्तर पहिल्या रांगेत. फिल्म संपली, दिवे लागले, आणि एका तरुण मास्तरीणबाईंनी उभं राहून विचारलं, "सर, ही कल्पना तुम्हाला नेमकी कधी सुचली?"

धाकट्याने क्षणभर मागच्या रांगेकडे पाहिलं. म्हणाला, "अशी एकदम नाही. होत गेलं."

थोरले उभे राहिले. आपण उभे राहिलोय हे त्यांना गुडघा दुखला तेव्हा कळलं.

"ती कल्पना नव्हती," ते म्हणाले. "ती चूक होती. माझी. मी आवाजाचं काम करतो. बटण उलटं पडलं."

आधी कुणाला समजलं नाही. मग हशा पिकला आणि पाठोपाठ टाळ्या. माणसं मागे वळून वळून बघत होती. कुणीतरी ओरडलं, आवाज मात्र छान होता हं. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य चालून आलं होतं. थोरल्यांनी आता खाली बसायला हवं होतं. पण शेजारी बायको होती, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

"मला आदल्या संध्याकाळी सहाला कळलं होतं," थोरले म्हणाले. "दात सकाळी नऊला काढले. मधे याचा फोन आला होता. मी घेतला नाही."

टाळ्या विरल्या. पुढून मास्तरांनी धाकट्या मुलीला विचारलं, काय म्हणतोय? तिने कानाशी वाकून सांगितलं. मास्तरांनी जिभेने कवळी सारखी केली.

"बोलावायचं की मग," ते म्हणाले. "दातांच्या धास्तीने पहाटेपर्यंत जागाच होतो. घातली असती शीळ."

रागावले असते तर बरं झालं असतं.

लोक पांगल्यावर थोरले खुर्च्या मिटून भिंतीला लावू लागले. धाकटा आला आणि दुसऱ्या टोकाकडून तेच करू लागला. मधल्या रांगेत दोघं समोरासमोर आले.

"हात ओले आहेत, असं ताई म्हणाल्या होत्या," धाकटा म्हणाला.

"हो."

"कार्डावर तुम्ही ते बोलणंही तसंच ठेवलं होतंत. मला वाटलं, माणूस सरळ आहे." त्याने हातातली खुर्ची मिटली. "आज मी काही बोलत नाही, दादा." प्रोजेक्टर उचलून तो निघून गेला. चादर तशीच राहिली. थोरल्यांनी ती उतरवून, घडी घालून घरी आणली.

तीन आठवडे फोन नाही. सासुरवाडीला धाकटा सकाळी जायचा, थोरले संध्याकाळी. चादर धुऊन, इस्त्री करून कपाटात पडून. चौथ्या शुक्रवारी फोन वाजला. थोरले तेव्हा खरोखरच भांडी घासत होते. ओल्या हातांनीच त्यांनी तो घेतला.

"रविवारी सकाळी आठला," धाकटा म्हणाला. आवाज कोरडा. "चावीवाला आहे, बाजारातला. कानसांचा आवाज फार बारीक आहे, मला जमणार नाही. येताना चादर आणा. आणि दिव्यावर पट्टी नको. आरसा असला तर मी झाकीन."

"बरं," थोरले म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. फोनवरून पाणी ठिबकत होतं. बायकोने विचारलं, काय म्हणतोय?

"बोलावलंय," ते म्हणाले. आणि मग, राहवलंच नाही म्हणून, "माफ करण्यातसुद्धा लेकाचा आपल्या पुढेच."

"त्याने माफ केलंय असं म्हणाला का तो?" बायकोने विचारलं.

नव्हता म्हणाला. थोरल्यांनी हात पुसले, पेटीतून रेकॉर्डर काढला आणि खिडकीपाशी बसले. पट्टी सहज निघाली, पण तिचा डिंक दिव्याला चिकटून बसला होता. नखाने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून तो निघेना, तेव्हा बायकोने खोबरेल तेलाचं बोट आणून दिलं. दिवा स्वच्छ झाल्यावर थोरल्यांनी बटण दाबलं, लागलेला पाहिला, पुन्हा दाबलं, विझलेला पाहिला. मग हेडफोन चढवला तरी चष्मा नाकावरच राहावा म्हणून तो मागून बांधायला एक दोरा शोधू लागले.